वैरागचा हिरवा ठिपका

टॉवेलच्या कारखान्यात मागांची देखभाल करता करता माझी सव्वीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांत मी एकच विद्या शिकलो. चालू मागाकडं बघायचं नसतं. सोलापुरातल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन बघा. उभा ताणा तुटला, आडवा बाणा तुटला, की माग थांबतो आणि त्याच्या डोक्यावरचा दिवा लागतो. विणकर दिव्याकडं बघत असतो. दिवा लागला की पळतो. नाही लागला तर पाळी संपेपर्यंत तो त्या मागाकडं ढुंकूनही बघत नाही. खडखडाट इतका असतो की ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार दिव्यावर. मागांसाठी ही पद्धत लई चांगली आहे. मी शहाणा, ती घरी घेऊन आलो.

झालं असं की कारखान्याच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर मोडीत काढले. मी त्यातले चार उचलले. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ते उतरवले तेव्हा बायकोनं विचारलं, "अहो, आपण माणसं दोन. चार कशाला?" मी तिला नीट बसवून सांगितलं. परदेशातले शास्त्रज्ञ औषधं शोधण्यासाठी अवाढव्य गणितं करतात. ती एका कॉम्प्युटरला झेपत नाहीत. मग गणिताचे बारीक तुकडे करून ते जगभरातल्या हौशी लोकांच्या मशीनना वाटून देतात. आपल्या मशीनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, त्याला क्लायंट म्हणतात. तो एक तुकडा उतरवून घेतो, दोन-तीन दिवस सोडवत बसतो, उत्तर पाठवतो आणि पुढचा तुकडा घेतो. आपण फक्त मशीन चालू ठेवायचं. पैसा नाही, बक्षीस नाही, निव्वळ पुण्य.

"म्हणजे जगाचं दळण आपल्या घरात," बायको म्हणाली. मला राग आला, पण याच्याहून नेमकं वर्णन मला आजतागायत सुचलेलं नाही.

एप्रिल उजाडला आणि चार मशीनची ऊब दोन खोल्यांत मावेना. सोलापूरचा उन्हाळा, वर ही दळणं. माठातलं पाणी कोमट लागायला लागलं. बायकोनं फार बोलणं केलं नाही, फक्त एक दिवस माझं ताट चारही मशीनच्या मधोमध मांडलं. दुसऱ्याच आठवड्यात एक मशीन बार्शीला मेहुण्याच्या आडत दुकानात गेलं आणि एक वैरागला माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं.

आता चार मशीन तीन गावांत. कुठलं चालू, कुठलं बंद, कुणाचं दळण किती झालं, हे कळणार कसं? मेहुण्याला फोन केला तर तो म्हणायचा, "दाजी, लाईट लुकलुकतीय." कुठली लाईट, कशाची लाईट, काही पत्ता नाही. म्हणून मी ठरवलं की आपणच एक प्रोग्रॅम लिहायचा. सगळी मशीनं एका खिडकीत दिसली पाहिजेत. व्हिडिओ बघून बघून शिकलो. व्हिडिओतली पोरं बोलायची इंग्रजी आणि तेही पळत पळत, मी एकेक वाक्य पाच वेळा ऐकायचो. सहा महिन्यांचे रविवार घातले. शेवटी खिडकी उघडली. चार ओळी, प्रत्येक ओळीला एक गोल ठिपका. मशीन चालू तर हिरवा, बंद तर लाल. शेजारी काम किती टक्के झालं, बाकी वेळ किती, मशीनचं तापमान किती. मोबाईलवरसुद्धा दिसायची.

मी ती जगातल्या हौशी मंडळींच्या फोरमवर फुकट टाकली. मोजून सहा जणांनी उतरवून घेतली. त्यातल्या एकानं लिहिलं की खिडकी काळ्या रंगाची पाहिजे, पांढऱ्यानं डोळे दुखतात. मी आठ दिवस खपून काळी केली. मग दुसऱ्यानं लिहिलं की काळ्यावर अक्षरं दिसत नाहीत. लोकसेवा म्हणतात ती हीच, हे मला तेव्हा कळलं.

तापमानाचा आकडा मात्र कामाला आला. बार्शीचं मशीन एकदम तापायला लागलं. फोन केला तर मेहुणा अभिमानानं म्हणाला, "धूळ बसत होती, दाजी. झाकून ठेवलंय." आमच्या सोलापुरी माणसाला उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीला झूल, मिक्सरला झबलं, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल. मेहुण्यानं चालत्या मशीनवर दुहेरी चादर पांघरली होती, वर हार घातला होता आणि पुढं उदबत्ती. मी म्हटलं, अरे ते श्वास कुठून घेणार? तो म्हणाला, उदबत्ती चंदनाची आहे. मी हात टेकले. वैरागलाही अक्कानं भरतकाम केलेला अभ्रा घातला होता, पण मी सांगितल्यावर तिनं निदान काढला. घडी करून शेजारी ठेवला.

अक्का वैरागला एकटी राहते. भावोजी जाऊन दोन वर्षं झाली. दोन्ही मुलं पुण्यात, मोठ्या नोकऱ्या, अकराव्या मजल्यावर फ्लॅट. मुलं म्हणायची, आई, तू इकडं ये. अक्का म्हणायची, "मी हितंच बरी हाय." तिची एवढीच मागणी होती. आपलं घर, आपला ओटा, सकाळी भाजीला बाजारात जायचं, शेजारणींशी बोलायचं, हातपाय चालतील तोवर इथंच राहायचं. दर दिवाळीला यावरून भांडण व्हायचं. मुलांचं म्हणणंही खोटं नव्हतं. एकटी बाई, साठी उलटलेली, काही झालं तर कळणार कुणाला?

आणि त्या दिवाळीला मी माझी अक्कल पाजळली. सगळ्यांसमोर मोबाईल काढून खिडकी दाखवली. थोरला भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेब आहे. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मामा, हे तर परफेक्ट सोल्युशन आहे." मला साहेबानं शाबासकी दिली, मी फुगलो. ठरलं असं की अक्कानं रोज सकाळी चहा झाला की मशीन चालू करायचं आणि संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बंद. सकाळी ठिपका हिरवा झाला म्हणजे आई उठली, बरी आहे. लाल राहिला म्हणजे काहीतरी बिनसलं. ठिपका रोज हिरवा दिसला तर आई वैरागला राहील. नाही दिसला तर सरळ पुण्याला. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन मी फोन केला तर न्हाय चालायचा व्हय?" धाकटा भाचा म्हणाला, "अगं आई, आम्ही मीटिंगमध्ये असतो."

पहिले पंधरा दिवस छान गेले. सोळाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता वैरागला वीज गेली. ठिपका लाल. दोन्ही भाच्यांनी मीटिंगमधून फोन लावले. अक्काचा मोबाईल घरात उशीखाली आणि अक्का बाजारात वांगी निवडत होती. भाच्यांनी शेजाऱ्यांना फोन केले, शेजाऱ्यांनी गल्ली गोळा केली, दोन बाप्ये भिंतीवरून उतरून आत गेले, एकानं मागचं दार मोडलं. अक्का पिशवी घेऊन परतली तेव्हा तिच्या ओट्यावर चाळीसेक माणसं तिच्या मरणाची खात्री करायला उभी होती. त्यातल्या एकीनं तर तिला बघून रडायचं थांबवलंसुद्धा नाही, सुरुवात केली होती म्हणून.

त्या संध्याकाळी अक्कानं मला फोनवर जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

पण त्यानंतर चमत्कार झाला. वैरागचा ठिपका सुधारला. रोज सकाळी नऊला हिरवा, रात्री आठला बंद, मध्ये कधी लाल म्हणून नाही. बार्शीचा दिवसातून चार वेळा लाल व्हायचा, आमच्या घरचे दोन्ही बायको झाडलोट करताना प्लग काढायची म्हणून व्हायचे, वैरागचा कधीच नाही. वैरागला वीज जायचीच बंद झाली होती. मी म्हटलं, वीज खात्यात कुणी देवमाणूस बदलून आला असावा. फक्त रविवारी ठिपका तासभर उशिरा हिरवा व्हायचा. त्याचाही उलगडा मी केला. रविवारी अक्का डोक्यावरून न्हाते, वेळ लागणारच. कुटुंबाच्या ग्रुपवर मी महिन्याला वैरागचं कौतुक टाकायचो. मेहुण्याला लिहायचो, शीक जरा, साठीची बाई बघ. भाचे खाली अंगठ्याची चित्रं टाकायचे.

या सगळ्यात एक गोष्ट झाली ती माझ्या ध्यानात आली नाही. पूर्वी मी दर रविवारी अक्काला फोन करायचो. आता सकाळी मोबाईल बघितला, वैराग हिरवं दिसलं, की झालं. चालू मागाकडं कोण जातं? एकदा बायको म्हणाली, "वन्संना फोन नाही केलात बरेच दिवसांत." मी खिडकी तिच्या तोंडापुढं धरली. म्हटलं, हे बघ, हिरवं आहे. तापमानसुद्धा छान आहे. ती म्हणाली, "जेवल्या का नाही ते कळतं का त्यात?" मी म्हटलं, तुला टेक्नॉलॉजीतलं कळत नाही.

असे चार महिने गेले.

मग एके दिवशी वैरागचं काम नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलं. ठिपका हिरवा, पण आकडा पुढं सरकेना. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. या तुकड्यांना मुदत असते, मुदतीत उत्तर नाही गेलं तर सगळी मेहनत वाया. माझा जीव वरखाली व्हायला लागला. सव्वीस वर्षांत मी नातेवाइकांच्या लग्नालासुद्धा मोजून रजा घेतलेली, पण त्या दिवशी मी सुपरवायझरला खोटं सांगून रजा टाकली आणि वैरागवरून जाणाऱ्या बार्शी गाडीत बसलो. मशीनसाठी.

वैरागला उतरून घर गाठलं. दार उघडंच होतं. अक्का ओट्यावर बसून डाव्या हातानं तूर निवडत होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. तिच्या मागं खोलीत टेबल दिसत होतं. टेबलावर मशीन नव्हतं, घडी केलेला अभ्रा तेवढा होता.

मी म्हणालो, "अक्का, मशीन कुठं आहे?"

हे वाक्य मी बोललो. पाठच्या भावानं, चार महिन्यांनी, मोडक्या हाताच्या बहिणीला विचारलेलं हे पहिलं वाक्य. बायकोला मी आजवर हे सांगितलेलं नाही. तिनं विचारलं होतं, मी विषय बदलला.

 अक्का हनुवटीनं रस्त्यापलीकडं खूण करून म्हणाली, "झेरॉक्सच्या दुकानात. बरं हाय ते."

दार मोडलं त्याच आठवड्यात तिनं मशीन समोरच्या झेरॉक्सवाल्याला नेऊन दिलं होतं. त्याच्याकडं इन्व्हर्टर आहे. तो नऊला शटर वर करतो, आठला खाली ओढतो, रविवारी दहाला येतो. तो त्यावर लोकांचे अर्ज भरायचा, आतल्या आत माझं दळणही चालायचं. चार महिने मी केलेलं कौतुक एका झेरॉक्सच्या दुकानाचं होतं. आणि हात? मोरीत पाय घसरला. तीन आठवडे झाले. शेजारणीनं बार्शीला नेऊन प्लास्टर घालून आणलं, तीच दोन वेळा जेवण देत होती.

"मला फोन नाही का करायचा?" मी चिडून विचारलं. स्वतःची चूक असली की मला आधी राग येतो.

"तुला दिसत व्हतं की हिरवं," अक्का म्हणाली.

मग तिनं मला हात धरून खाली बसवलं. "हे बघ," ती म्हणाली, "पोरान्ला सांगू नगंस. हात मोडला म्हनलं की उचलून नेतील मला. अजून तीन आटवडं, मग निघतंय प्लास्टर. तोवर ते मशीन राहू दे तितं."

एवढंच मागितलं होतं तिनं. आणि मी काय केलं? मला ते खपेना. माझा प्रोग्रॅम खोटं बोलत होता. सहा महिन्यांचे रविवार घालून लिहिलेला ठिपका एका दुकानाच्या शटरवर हिरवा होत होता. मी म्हटलं, "सांगत नाही कुणाला. पण मशीन या टेबलावरच पाहिजे." रस्ता ओलांडून गेलो, अडकलेलं काम पुन्हा चालू केलं आणि मशीन उचलून आणून टेबलावर मांडलं.  अक्कानं अभ्रा उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. परतीच्या गाडीत मी समाधानात होतो. तुकडा मुदतीत गेला होता.

दोनच दिवसांनी सकाळी नऊला वैरागला वीज गेली.

ठिपका लाल. भाच्यांनी आईला फोन लावला, तो उशीखाली. शेजारणीला लावला. ती म्हणाली, "घरातच हायत की. हात मोडल्यापास्नं बाहीर कुटं जातेत त्या." दुपारी गाडी दारात उभी. संध्याकाळी अक्का पुण्यात. मला कळलं ते ग्रुपवरून. थोरल्या भाच्यानं लिहिलं होतं, मामा, थँक्स, तुमच्या टूलमुळंच कळलं. खाली अंगठे. मला ते वाचून मोबाईल मागात घालावासा वाटला.

त्यानंतर मी रोज फोन करायला लागलो. अक्का उचलायची. "बरी हाय." काय करतेस? "बसलीय." हात कसा आहे? "बरा हाय." याच्या पुढं शब्द नाही. प्लास्टर निघालं, तरी तेच. वैरागचं नाव तीही काढत नव्हती, मीही नाही. मला माफी मागायची होती, पण आमच्यात भावा-बहिणींत माफी मागायची पद्धत नाही, मग मी हवापाणी विचारायचो. भाचा मात्र खूश. तो म्हणाला, "आता टेन्शनच नाही मामा. हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय, ऑफिसातून दिसतं." त्यानं मला फोटोही पाठवला. हॉल स्वच्छ, सोफा रिकामा. अक्का कुठं दिसेना. नंतर कळलं, ती दिवसभर स्वयंपाकघरात स्टुलावर बसते, कॅमेरा तिथवर पोचत नाही.

खिडकीत वैरागची ओळ तशीच होती. लाल. बायको म्हणाली, काढून टाका ती ओळ. मला काढवेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं की दिवा लागलेला दिसतोय आणि मला पळत जाऊन तुटलेला धागा सांधता येत नाही. दीड-दोन महिने रोज सकाळी मी ती ओळ बघत होतो.

परवाच्या बुधवारी दुपारी तीनला शेडमध्ये एका मागाखाली पडून काम करत होतो. हात पुसायला उठलो, सवयीनं मोबाईल बघितला. वैराग हिरवं होतं.

पहिल्यांदा वाटलं, प्रोग्रॅम बिघडला. मग वाटलं, झेरॉक्सवाल्यानं कुलूप उघडवून मशीन नेलं. शेडमध्ये काही ऐकू येत नाही, म्हणून पळत बाहेर आलो आणि सायकल स्टँडपाशी उभं राहून फोन लावला.

"बोल की," अक्का म्हणाली.

"तू कुठं आहेस?"

"तुला दिसंना व्हय? घरात. कुलूप काढलं, आदी ते बटन दाबलं, मग पाय धुतलं."

"आलीस कशी?"

"यष्टीनं. पोरं हापिसात गेली, मी पिशवी घेतली. त्या क्यामेऱ्याच्या फुडनंच आले. कोन बघतंय त्यात?"

"पोरांना सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात. हिरवं बघतील आन कळंल त्येन्ला, आई पोचली. त्येंचंच ठरलं हाय न्हवं तसं." मग म्हणाली, "तुला बी दिसलं असंल. मग फोन कशाला केलास?"

 मी म्हटलं, "जेवलीस का, ते विचारायला."

 पलीकडून माझ्या मशीनचा पंखा ऐकू येत होता.

"न्हाय," ती म्हणाली. "हात दुकतोय अजून. भाकरी थापता येईना."

पुण्याच्या सगळ्या दिवसांत तिनं मला हे एकदाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, घरी कडक भाकरी आहेत, शेंगाचटणी आहे, उरलेल्या पाळीची रजा टाकतो आणि चारच्या गाडीनं येतो.

"ये," अक्का म्हणाली. "पर मशीनला हात लावू नगंस."